साथीचं औषध

"खोकला कोरडा की ओला?" तात्यांनी विचारलं.

ओट्यावर बसलेल्या हमालाने बायकोकडे पाहिलं. नवऱ्याच्या खोकल्याची माहिती आपल्याकडेच असते अशा थाटात ती म्हणाली, "कोरडाच की वो. खणखण वाजतोय."

"पडून राहावंसं वाटतं की येरझाऱ्या घालतो?"

"पडूनच हाय दोन दिस. कूस बदलायची म्हनलं तरी वराडतंय."

"तहान?"

"तांब्या उशालाच ठिवलाय."

तात्यांनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला आणि मी ट्रेमधली एक बाटली त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटाच्या दोन पेरांएवढी बाटली, वर बूच, आत बारीक साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या. चार गोळ्या बुचाच्या पोकळीत घ्यायच्या, हात लावायचा नाही, तशाच जिभेवर सोडायच्या. दिवसातून चार वेळा. आणि कांदा, लसूण, हिंग, कॉफी, कापूर, डोक्याला चोळायचा बाम यातलं काही चालायचं नाही.

लोणंदच्या बाजारात पोती वाहणाऱ्या माणसाला कांदा खाऊ नकोस म्हणून सांगायचं! तो मान डोलवायचा, घरी जायचा आणि भाकरीबरोबर बुक्कीने कांदा फोडायचा. तात्यांना हे ठाऊक होतं. एखाद्याला गुण आला नाही की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कांदा खाल्लास?" आणि त्याने खाल्लेला असायचाच. आमच्या ओट्यावर औषध कधी चुकलं नाही. चुकायचा तो माणूस.

हा जानेवारी चौऱ्याऐंशी सालचा. तात्या रासकर म्हणजे माझे सासरे. रेल्वेत पार्सल क्लार्क होते, तिथून निवृत्त झाले आणि इंग्रजी जाडजूड पुस्तकं वाचून होमिओपॅथी शिकले. कुणाकडून छदाम घेत नसत. संध्याकाळी चार ते सात ओट्यावर बसत, आणि थंडीतापाची साथ आली की आदर्कीपासून नीरेपर्यंतचे लोक येत. अशा साथीत तात्या पहिले पंधरा-वीस रोगी नीट तपासायचे, पुस्तकं उलटीपालटी करायचे आणि मग त्या साथीचं एक औषध ठरवायचे. एका साथीला एकच औषध, असा त्यांचा नियम. त्या वर्षीचं ठरलं ब्रायोनिया. मग साथ सरेपर्यंत येईल त्याला तेच.

ते तयार करायचं काम माझं होतं. तात्यांचा हात कापायला लागला होता. पुण्याहून साखरेच्या कोऱ्या गोळ्यांचा डबा यायचा, मूळ औषधाच्या लहान बाटल्या वेगळ्या यायच्या. कोऱ्या गोळ्या बाटलीत भरायच्या, वरून औषधाचे मोजून थेंब सोडायचे, बूच लावायचं, हलवायचं, चिठ्ठी चिकटवायची. औषध स्पिरिटमध्ये असतं, त्यामुळे बूच काढलं की बारीकसा वास येतो. तेवढाच काय तो फरक. नाहीतर दिसायला आणि चवीला कोरी गोळी आणि औषधाची गोळी यांत उडदामाजी काळंगोरं निवडता येत नाही.

मी मॅट्रिक झाले होते, अक्षर बरं होतं. "शालन माझा उजवा हात आहे," असं तात्या चारचौघांत म्हणायचे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, नवरा नोकरीपायी मुंबईला, त्यामुळे घरात कौतुक मिळायचं ते तात्यांच्याच तोंडून, आणि ते मला एकटीलाच मिळायचं. धाकट्या जावेच्या, हौसाच्या वाट्याला काही उरत नसे. ती वाठारकडच्या एका वाडीतली, शाळा दुसरीतून सुटलेली. नावडतीचं मीठ अळणी तशी तिची भाकरी जाड आणि तिचं झाडणं अर्धवट असायचं. तिची एकच गोष्ट घरात नावाजलेली होती, तिचं नाक. दिराचा कांद्याचा टेंपो होता. भरलेल्या पोत्यांमधून ती नुसती हिंडायची आणि बोट दाखवायची, "ह्यात एक सडलाय." पोतं उपसलं की तळाशी तो निघायचा. पण औषधाच्या कपाटाला हात लावायची तिला मनाई होती. तिने एकदा त्याच्या शेजारी हिंगाची डबी ठेवली होती. मनाईमागे माझाही हात होता. आज लपवून काय करायचंय? मला तो मान वाटून घ्यायचा नव्हता.

त्या सोमवारी घरातली दोन्ही पोरं एकदम तापली. माझा महेंद्र पाच वर्षांचा, हौसाचा सुऱ्या अडीच वर्षांचा. तात्यांनी दोघांना तपासलं, तेच सगळे प्रश्न आम्हा दोघींना विचारले आणि ट्रेमधल्या दोन बाटल्या दिल्या. एक मला, एक हौसाला.

मंगळवारी महेंद्रला घाम सुटला. संध्याकाळी त्याने पेज मागितली. सुऱ्याचं मात्र उलटं झालं. हौसा त्याला उचलून तात्यांसमोर आली. पोराच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

तात्यांनी नाडी पाहिली. घाबरले नाहीत. "लागू पडतंय," ते म्हणाले. "औषध लागू पडलं की दुखणं आधी उसळतं, मग उतरतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. हे चांगलं लक्षण आहे."

हौसा तिथून हलली नाही. तिने खाली मान घालून विचारलं, स्टँडसमोरच्या डॉक्टरांना एकदा दाखवू का. तात्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "चार गावांची माणसं या ओट्यावर येतात, हौसा. आणि माझाच नातू सुई टोचायला न्यायचा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. धाकटीने थोरलीकडे बघावं तसंच पाहिलं. मी म्हणाले, "एक दिवस बघू या." मला मनापासून तसंच वाटत होतं. माझं पोर त्याच औषधाने पेज मागायला लागलं होतं ना.

बुधवारी दुपारी ट्रे संपत आला म्हणून मी कपाट उघडलं. ब्रायोनियाची नवी बाटली वरच्या फळीवर होती. मी ती खाली काढली आणि टोपण फिरवायला गेले, तर ते फिरेना. वरचं सील तसंच होतं.

जुनी बाटली शनिवारी संपली होती, हे मला नीट आठवत होतं. त्याच दिवशी पुण्याचं पार्सल आलं, नवी बाटली मी माझ्या हाताने फळीवर ठेवली. रविवारी साठ बाटल्या गोळ्यांनी भरून ट्रेमध्ये मांडल्या. आता थेंब सोडायचे, एवढ्यात महेंद्र ओकला. मी उठले, त्याचं सगळं निस्तरलं, परत येऊन बुचं लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या. थेंब सोडायचे राहिले ते राहिलेच. तीन दिवस अख्खं लोणंद माझ्या हातची साखर खात होतं. त्यातले कितीतरी जण बरे होऊन, तात्यांच्या पाया पडून गेले होते. सुऱ्याच्या बाटलीतही साखरच होती, महेंद्रच्याही.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हे आता तात्यांना कळणार, हे वाटलं. पोराची आठवण त्याच्या मागून झाली. हा क्रम मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मग मात्र हात भराभर चालले. सील तोडलं, एका बाटलीत गोळ्या घातल्या, थेंब सोडले. नेहमीपेक्षा दोन जास्तच सोडले. खरं औषध आता पोटात जाईल, संध्याकाळपर्यंत पोराला उतार पडेल आणि झाकली मूठ झाकलेलीच राहील, असा हिशेब मी कपाटापासून हौसाच्या खोलीपर्यंतच्या दहा पावलांत केला. माझा त्या औषधावर विश्वास होता, हे कृपा करून लक्षात घ्या. मी पोराला काहीतरी द्यायलाच निघाले होते.

दार ढकललं आणि कापराचा भपकारा आला.

आमच्या घरात कापूर नावालाही नसे. औषध मरतं म्हणून आरतीसुद्धा तुपाच्या वातीवर व्हायची. आणि हौसा वाटीत खोबरेल कोमट करून, त्यात कापूर विरघळवून पोराच्या छातीला चोळत बसली होती. मला बघून तिने वाटी लपवली नाही.

"अगं काय केलंस हे?" मी म्हणाले.

"श्वास घ्याया येत न्हाई त्येला," ती म्हणाली.

मी पुढे झाले, बाटलीचं बूच काढलं आणि चार गोळ्या सुऱ्याच्या जिभेवर सोडल्या. हौसा अगदी जवळ होती. तिने मान वर केली, बाटलीकडे पाहिलं आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तेवढ्यात तात्या दारात आले. कापराचा वास ओट्यापर्यंत पोचला होता.

"कापूर कोणी लावला?"

"म्या," हौसा म्हणाली.

"कधीपासून?"

"सोमवारच्या संध्याकाळपास्नं. राती लावून सकाळी पुसून काडत हुते."

तात्या चौकटीला धरून उभे होते. "म्हणजे तीन दिवस मी औषध देतोय," ते म्हणाले, "आणि तीन दिवस तू ते मारतेयस."

हौसाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडेच बघत होती. माझी बाजू घ्या, मला पदराखाली घ्या, असं ती डोळ्यांनी म्हणत असावी असा अर्थ मी तेव्हा लावला आणि पुढची चाळीस वर्षं तोच लावत राहिले. माझ्या मुठीत बाटली होती. तात्या, त्या गोळ्यांत औषध नव्हतं. पाच शब्द. ते मी बोलले असते तर तीन दिवस पोराला काहीच मिळालेलं नाही हे तात्यांना मान्य करावं लागलं असतं. मग उसळण्याची आणि उतरण्याची भाषा राहिली नसती. ते हट्टी होते, दुष्ट नव्हते. त्यांनी स्वतः त्याला उचलून डॉक्टरांकडे नेलं असतं.

मी म्हणाले, "तात्या, नव्याने मात्रा सुरू करू या का?"

त्यांनी मान डोलावली. तेवढ्याने त्यांना धीर आला. पोराच्या अंगावरचा कापूर आधी पुरता घालवा, म्हणाले, मग दर दोन तासांनी मात्रा, उद्या सकाळपर्यंत फरक दिसेल. जानेवारीतल्या त्या दुपारी मी पाणी तापवलं आणि हौसाने आपल्या धापा टाकणाऱ्या पोराची छाती डाळीचं पीठ लावून तीनदा धुतली. मधूनमधून ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी टॉवेल धरून उभी होते.

गुरुवारी उजाडता सुऱ्याचे ओठ जांभळे पडले. आठच्या सुमाराला दीर, वसंता, पुण्याच्या बाजारात माल टाकून रिकामा टेंपो घेऊन आला. त्याने अजून इंजिन बंद केलं नव्हतं तोवर हौसा पोराला गोधडीत गुंडाळून बाहेर पडली आणि कुणाला न विचारता त्याच्या शेजारी जाऊन बसली. तात्या ओट्यावर होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

टेंपो फलटणला पोचायच्या आधीच पोर गेलं होतं. तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि किती दिवस झाले एवढंच विचारलं. वसंता म्हणाला, चौथा. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं भरली होती, परवा आणला असता तर काहीतरी करता आलं असतं. वसंताने हे मला बरंच नंतर सांगितलं. तात्यांना त्याने ते कधीच सांगितलं नाही.

तात्यांची एक वही होती, रोग्यांच्या हकिकती लिहायची. सुतक सरल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वसंताला वाचून दाखवली. दोन नातवंडं, एकाच दिवशी ताप, एकच औषध, एकाच ट्रेमधली बाटली. एक तीन दिवसांत खडखडीत बरा. दुसऱ्याला सोमवारपासून कापूर. पुढे काहीच लिहिलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती. वाचताना तात्या रडत होते. त्यांना त्या पोराचा खरोखर लळा होता, तो त्यांच्या मांडीवर बसून चष्मा ओढायचा. त्यामुळेच त्यांच्यावर कुणी शंका घेतली नाही. वसंताने ऐकलं आणि उठून टेंपोच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. मी आत भाकरी थापत होते.

चार दिवस माहेरी जाऊन येऊ दे म्हणून हौसाला तिचा भाऊ घेऊन गेला. तिला आणायला कुणी गेलं नाही. पोर मारणारी बाई, असं गावात झालं होतं. कोण म्हणालं ते सांगता येत नाही, पण आमच्या ओट्यावर रोज चाळीस माणसं बसायची आणि कापूर का चालत नाही हे तात्या प्रत्येकाला उदाहरणासकट सांगायचे. नाव घेत नसत. लोणंदला नावाची गरज नव्हती. दीड वर्षाने वसंताचं दुसरं लग्न झालं, नव्या जावेला मी ओवाळलं. आरती तुपाच्या वातीवर.

तात्या पुढे अकरा वर्षं जगले. त्यांच्यामागे ओट्यावर मी बसायला लागले. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायचे, आणि मी ऐकून घ्यायचे. थेंब सोडलेत का हे मात्र बूच काढून, वास घेऊन, दोन-दोनदा बघायचे. खाई त्याला खवखवे. कधी वाटायचं, औषध नव्हतं म्हणून पोर गेलं, म्हणजे मी मारलं. कधी वाटायचं, महेंद्र तर त्याच साखरेवर बरा झाला, आणि साठ बाटल्यांतली बाकीची माणसंही. मग औषध असून तरी काय झालं असतं? पोर वेळेवर दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि ते नेलं गेलं असतं जर मी बोलले असते. कुठूनही निघाले तरी माझ्याच दाराशी यायचे.

महेंद्र रीतसर शिकून होमिओपॅथीचा डॉक्टर झाला. बरीच वर्षं पुण्यात होता. गेल्या दिवाळीनंतर त्याने लोणंदला मोठा दवाखाना काढला, दारावर तात्यांचं नाव, आत तात्यांचा फोटो. उद्घाटनाला पुढच्या रांगेत मला बसवलं, खांद्यावर शाल घातली. आणि मग तो माईकवर बोलायला उभा राहिला.

"मी आज तुमच्यासमोर उभा आहे तो आजोबांच्या चार गोळ्यांमुळे," तो म्हणाला. "आम्ही दोघं भाऊ एकाच दिवशी आजारी पडलो. दोघांना एकच औषध. माझ्या आईने पथ्य पाळलं. चुलतीने कापूर लावला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तिचा दोष नव्हता, अज्ञान होतं. ते अज्ञान घालवायला हा दवाखाना आहे."

लोक हळहळले. मग टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी मी वाठारची एस.टी. धरली. उतरून दोन मैल चालत हौसाच्या भावाच्या घरी गेले. ती पत्र्याच्या सावलीत कांदा निवडत बसली होती. केस सगळे पांढरे, पण बसणं तेच, एक गुडघा वर करून. मला बघून उठली, पाणी आणून दिलं. "आक्का, वाळलासा," एवढं म्हणाली आणि पुन्हा कांद्यापाशी बसली.

मी सगळं सांगितलं. पार्सल, सील, साठ बाटल्या, बुधवारची दुपार. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे जाता आलं नसतं. ती एकेक कांदा उचलत होती, सुटलेली साल काढत होती, नाकाजवळ नेत होती आणि या नाहीतर त्या ढिगात टाकत होती. माझं बोलणं संपलं तरी ती निवडतच होती.

"हौसा, तुझा कापूर नव्हता गं," मी म्हणाले. "त्या गोळ्यांत मारायला काही नव्हतंच."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर तिने हात वर केला.

"सोमवारी पैल्यांदा बूच काढलं तवाच वास न्हवता. म्हनून तर कापूर लावला. आधी तुमाला इचाराया आले हुते चुलीपाशी. तुमी म्हेंद्रला मांडीवर घिऊन त्याच ट्रेमधल्या गोळ्या देत हुता. म्हनलं, आक्का काय सोताच्या पोराला कोऱ्या गोळ्या देत्याल? माजंच नाक चोंदलं आसंल. तरी जीव ऱ्हाईना, कापूर काय पुसला न्हाई."

तिने एक कांदा नाकाशी नेला आणि बाजूला टाकला.

"मग बुधवारी तुमी नवी बाटली घिऊन आलासा. तिला वास हुता. कापराच्या भपकाऱ्यात बी मला आला. तवा मला कळलं. आन तुमाला बी कळलंय, ते बी कळलं."

"मग तू बोलली का नाहीस?" मी म्हणाले. विचारायचा मला अधिकार नव्हता, तरी विचारलं.

"माज्या तोंडाला त्या घरात किंमत हुती का, आक्का?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "म्या बोलले आसते तर चोर त्यो चोर वर शिरजोर म्हनले आसते. तुमी बोलला आसता तर खरं झालं आसतं. म्हनून तर तुमच्याकडं बगत हुते. अंग धुताना बगितलं. टेंपोत बसताना बगितलं. आता बोलत्याल, आता बोलत्याल."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकही. पण ते कांद्यामुळे की कशामुळे, ते मला आजही सांगता येत नाही. तिने पदराने तोंड पुसलं. मी तिच्या पायांकडे हात नेला तर तिने पाय आखडून घेतले.

"माज्याकडं कशापाय आलासा?" ती म्हणाली. "मला ठावंच हुतं की. ज्येला ठावं न्हाई त्येला जाऊन सांगा. तुमच्या म्हेंद्रला."

निघताना तिने माझ्या पिशवीत दोन-अडीच किलो कांदा घातला. रिकाम्या हाताने पाहुण्याला कसं पाठवायचं, म्हणाली.

लोणंदला उतरले तेव्हा पाच वाजले होते. महेंद्र स्टँडवर गाडी घेऊन आला होता. कुठे गेली होतीस एवढा वेळ, फोनही उचलत नाहीस, म्हणून थोडा चिडला होता. मी गाडीत बसले. सगळी गाडी कांद्याच्या वासाने भरली आणि त्याने काच खाली केली. आत्ता सांगायचं, मी मनाशी म्हणाले. पाच शब्द. ते अजून मला तोंडपाठ होते.

"हौसाकाकूकडे गेले होते," मी म्हणाले.

त्याने गिअर बदलला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "बरं केलंस. कशी आहे?"

दवाखान्याची पाटी लांबून दिसत होती. दारात माणसं उभी होती, त्याच्यासाठी थांबलेली, आणि एका म्हातारीने त्याची गाडी ओळखून हात जोडले.

"सर्दी झाली होती तिला," मी म्हणाले. "औषध दिलं."

"नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं?"

"हो."

"तू काय दिलंस?"

"ॲलियम सेपा," मी म्हणाले. कांद्यापासूनच करतात ते.

"बरोबर दिलंस, आई," महेंद्र म्हणाला, आणि त्याने गाडी तात्यांच्या नावाखाली उभी केली.